दहा फुटी काठी

मोतीरामनं दोन्ही पंप ओट्यावर गोणपाट टाकून त्यावर ठेवले. सकाळचे आठ वाजले होते. दोन्हींपैकी एक पंप शनिवारपर्यंत नाशकातल्या रविवार कारंजावरच्या दुकानदाराला परत द्यायचा होता. दुकानदाराची अट साधी होती. पंप घरी न्या, ट्रॅक्टरला लावून बघा, घरातल्यांना दाखवा, फक्त आत पाणी जाऊ देऊ नका. पाणी गेलं की पंप तुमचा. मोतीरामनं ही अट आल्या आल्या सांगितली, तेव्हापासून त्याच्या आईनं, अंबूबाईनं, चहाची किटलीसुद्धा ओट्यावर ठेवू दिली नव्हती.

मोठा पंप लाल होता, तीन पिस्टनचा. तो टेम्पोतून उतरवायला दोन माणसं लागली होती. लहान पंप सोललेल्या नारळाएवढा होता. शेजारचे तीन-चार जण येऊन बघून गेले. सगळ्यांनी कौतुक मोठ्या पंपाचं केलं आणि उचलून बघितला लहान.

छाटणी होऊन चार दिवस झाले होते. अजून पाच-सहा दिवसांत द्राक्षांचे डोळे, म्हणजे काड्यांवरचे कोंब, फुटणार, आणि फुटले की औषध सुरू. ऑक्टोबर सरत आला तरी रोज दुपारनंतर आभाळ भरून येत होतं. असल्या हवेत केवड्याचा रोग कोवळ्या पानावर दोन दिवसांत पसरतो आणि बाग जाते. आतापर्यंत घरात पायानं दाबायचा पंप होता. त्यानं तीन बागा फवारायला पाच दिवस लागत, म्हणजे तिसऱ्या बागेला औषध पोचेपर्यंत केवडा आधी पोचलेला असे. ही तिसरी बाग कोणाची, हे घरात ठरलेलं होतं.

"मोठा ठेवायचा," खंडेराव म्हणाला. तो घरातला थोरला. त्यानं पंपाकडे एकदाच बघितलं होतं.

"दादा, आधी चिमाजी मिस्त्रीचं तर ऐकून घ्या," मोतीराम म्हणाला.

चिमाजी मूळचा सटाण्याचा. पंचवटीत त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. त्याला कोणी काही विचारलं की तो आधी खिशातून टेप काढायचा, मग बोलायचा. आता त्यानं टेप काढली.

"हा ल्हान हाय ना, हा सरळ ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टावर बसतो. दाबला की बसला. एक साखळी बांधायची, म्हंजे पंप स्वतः गरगर फिरत नाय. पाच मिनटाचं काम. पण ह्याच्या पोटात रोलर असत्यात. तुम्ही मोरचूद मारता, त्यात चुना. चुन्याची खर रोलर खाती. दोन हंगाम चालंल. तिसऱ्याला पाणीबी वढायचा नाय."

"आणि मोठा?"

"मोठ्याला चुन्याचं काय नाय. पण त्याला नऊशे फेरे पायजेत आन् ट्रॅक्टर देतो पाचशे चाळीस. म्हंजे शाफ्टावर मोठी पुली, पंपावर ल्हान, मधी पट्टा. आता मागं तुमचं औषधाचं पिंप उभं असणार. त्याच्या खाली हा मावत नाय. मंग उजव्या चाकाच्या मागं अँगल मारून बसवायचा. टायरच्या भाईर येईल." त्यानं टेप ताणून बघितली. "चौदा इंच."

"येऊ दे," खंडेराव म्हणाला. "माझ्या ओळी दहा फुटी हायेत. मोतीच्या दहा फुटी हायेत."

मधली बाग मधल्या भावाची, भिकनची, दीड एकर. भिकन जाऊन चार वर्षं झाली होती. बाग त्याची बायको विमलाबाई सांभाळत होती. त्या बागेच्या ओळी आठ फुटी होत्या, हे घरातल्या मांजरालाही माहीत होतं. ट्रॅक्टर तिथं जेमतेम जायचा. चौदा इंच वाढल्यावर गेला नसता.

"वहिनीच्या बागेत कसं जायचं?" मोतीरामनं विचारलं.

"जायचं कशाला? ज्या बागेत ट्रॅक्टर जात नाय ती बाग ठेवायचीच कशाला?" खंडेरावचा आवाज चढला नव्हता. त्यानं हे बहुधा आधीच मनाशी पक्कं केलं असावं. "ह्या हंगामाला पायपंपानं काय हुईल ते हुईल. उन्हाळ्यात वेली उपटून टाकू. तारा-अँगल कामाला येतील. रान सलग करून दहा फुटानं नवं लावू. विमलला काय कमी पडू देणार हाय का आपण? वर्षाचं धान्य तिच्या घरात जाईल."

"आन् दहा फुटानं लावल्यावर ते रान कोण बघंल?" अंबूबाईनं विचारलं.

"मी बघीन. आठफुट्यानं जे करून ठेवलं ते निस्तरायला कुणीतरी पायजेच."

भिकनला गावात आठफुट्या म्हणत. नाव ठेवलं खंडेरावनंच, दहा वर्षांपूर्वी, लावणीच्या वेळी. हातात दहा फुटी काठी देऊन ज्याला आठ फुटानं लावता येतं, तो शाळेत काय शिकला असेल, असं तो चावडीवर म्हणाला आणि लोक हसले. भिकनही हसला होता. पुढं पतपेढीच्या यादीतसुद्धा त्याच्या नावापुढं कंसात आठफुट्या असं आलं. गावात भिकन तिघे होते, म्हणून कारकुनाचा नाइलाज झाला, असं सांगतात.

विमलाबाई हे सगळं स्वयंपाकघरात ऐकत होती. दार उघडं होतं. तिनं परातीतलं पीठ मळलं, त्यात पाणी घातलं आणि पुन्हा मळलं.

"जास्त झालं पाणी," नवसाबाई म्हणाली. ती खंडेरावची बायको.

"हां."

नवसाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. तिला या दीड एकराबद्दल स्वतःचं एक मत होतं. तिचा मुलगा सुरगाण्याला मास्तर होता. तो कधी तरी परत येईल आणि तेव्हा त्याला विहिरीपासून ओढ्यापर्यंत सलग रान मिळेल, असं तिनं मनात धरलं होतं. मुलाला रान नको होतं. हे त्यानं बापाला सांगितलं होतं, बापानं तिला सांगितलं नव्हतं.

"घोटीचा तुझा भाऊ काय म्हणतो?"

"ये म्हणतो. भातलावणीला माणसं मिळत नाय त्याला."

"बघ. आन् इथं राहिलीस तरी बाग मोडली म्हणून उपाशी ठेवणार हाय का तुला कुणी?"

"उपाशी नाय ठेवणार, आक्का." विमलाबाईनं भाकरी थापायला घेतली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत फिकट निळे होते. औषध मारताना पिंपातला चुना तळाला बसू नये म्हणून सारखं ढवळावं लागे, आणि ते काम चार वर्षं तिन्ही बागांना तिच्याकडेच होतं. ढवळायची कळकाची, म्हणजे बांबूची, काठी आखूड होती, हात आत जायचा. मोरचुदाला लोखंड चालत नाही, म्हणून कळक. "सकाळी उठून काय बघायला जायचं, तेवढं सांगा मला. घोटीत भावाचं भात बघू, का हितं दादांचं रान बघू?"

नवसाबाईनं तव्याकडे बघितलं. "भाकर करपंल," ती म्हणाली. भाकरी अजून तव्यावर टाकलेली नव्हती.

बाहेर चिमाजीनं सांगितलं की तो मोजल्याशिवाय अँगल कापणार नाही. आठ फूट म्हणजे खरंच आठ का, सव्वाआठ असतील तर पंप थोडा आत घेऊन बघता येईल. खंडेरावला यात वेळ घालवायचा नव्हता, पण मिस्त्रीला मोजू नको म्हणणं बरं दिसलं नसतं. सगळे बागेकडे निघाले. अंबूबाईही निघाली. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

छाटणीनंतर मांडव उघडाबोडका दिसत होता. तारांवर काड्या बांधलेल्या, खाली छाटलेल्याचे ढीग. चिमाजीनं एका खोडापासून दुसऱ्या खोडापर्यंत टेप धरली. पुढच्या ओळीला धरली. मग आणखी एका. हिशेब करताना तो नेहमी बोलीनं सटाण्याचा होई.

"आठच शे," तो म्हणाला. "कमी नाय, जास्त नाय. सगळ्या आठ."

"झालं समाधान?" खंडेराव मोतीरामला म्हणाला.

"पण बघा ना नाना," चिमाजी खंडेरावला म्हणाला, "अंदाजानं लावलं असतं तर कुठं साडेसात, कुठं साडेआठ झालं असतं. हे एकदम सूतभरबी इकडं-तिकडं नाय. असं मापानंच हुतं."

"मापानंच केलंय," अंबूबाई म्हणाली. ती बांधावर बसली होती. "काठी ठेवायचा, मी दगुड ठेवायची. परत काठी, परत दगुड. सगळं रान मी आन् त्यानं मोजलं. विमल रोपं आणून द्यायची. काठी तुझ्या बापाची व्हती, खंडू. त्याच काठीनं तुझी बाग लावलेली."

"मंग माझी दहानं झाली, त्याची आठनं कशी?"

"ते मला काय ठावं? मी दगुड ठेवत व्हते."

हा प्रश्न दहा वर्षांत कोणी विचारलेला नव्हता, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. मोतीराम तेव्हा कॉलेजला नाशकात होता. त्यानं पंपाबरोबर आलेलं छापील पुस्तक काल दोनदा वाचलं होतं, आणि मापाची गोष्ट मापानंच मिटवावी असं त्याचं मत झालं होतं. तो गोठ्यात गेला आणि आढ्याला अडकवलेली काठी काढून आणली. तिच्यावर कोळिष्टकं होती. त्यानं ती दोन ओळींमध्ये आडवी धरली.

काठी या खोडापासून त्या खोडापर्यंत बरोबर बसली.

चिमाजीनं टेप लावली. "आठच शे."

"मंग बापाचीच काठी चुकली," खंडेराव म्हणाला.

मोतीराम काठी घेऊन बांध ओलांडून खंडेरावच्या बागेत गेला. तिथं ती दोन फूट कमी पडली. तो तिथूनच ओरडला, "दादा, हितं पुरत नाय!"

"ऐकलं," खंडेराव म्हणाला.

काठी परत आली तेव्हा अंबूबाईनं ती मांडीवर घेतली आणि पदरानं पुसली. तिच्या नवऱ्यानं फुटाफुटावर सुरीनं खूण केली होती आणि कळक चिरू नये म्हणून दोन्ही टोकांना तांब्याची तार गुंडाळली होती. अंबूबाईनं एक टोक चाचपलं. तार होती. दुसरं टोक चाचपलं. तिथं तार नव्हती, तिरका काप होता, करवतीचा.

"ही कापलीय कुणीतरी."

भाकरी झाकून विमलाबाई आणि नवसाबाई तेवढ्यात बांधावर आल्या होत्या. विमलाबाईनं वाटेत गोठ्याजवळून रिकामं पिंप आणि ढवळायची काठी घेतली होती, पाण्याच्या पाटावर धुवून ठेवावीत म्हणून. बागेत काही का ठरेना, पिंप धुवायचं होतंच. ती सासूच्या हातातल्या टोकाकडे बघत राहिली. मग तिनं आपल्या हातातली काठी बघितली. चार वर्षं ती काठी तिनं रोज धरली होती, पण हातातली वस्तू माणूस बघत नाही. काठी दोन फुटांची होती. मधोमध सुरीची खूण होती. एका टोकाला तार होती, औषधानं हिरवी पडलेली. दुसरं टोक तिरकं.

तिनं पिंप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि तिरकं टोक तिरक्या टोकाला लावलं. लांब तुकडा पिवळा, आखूड तुकडा निळा. कळकाची रेघ या तुकड्यातून त्या तुकड्यात सरळ गेली.

चिमाजीनं टेप लावायला घेतली, पण मोतीरामनं त्याचा हात धरला.

"हे कुणी कापलं?" अंबूबाईनं विचारलं.

खंडेराव मांडवाच्या तारेकडे बघत होता. त्याला ती सकाळ दिसत होती. औषध कालवून झालं होतं, ढवळायची काठी मोडली होती, आभाळ भरलेलं, गडी खोळंबलेले. गोठ्यात बापाची काठी आडवी पडलेली आणि करवत शेजारीच. नंतर नवा कळक आणून दहा फुटी काठी करू, असं त्यानं ठरवलं होतं. मग तो कांद्याच्या बियाला सटाण्याला गेला आणि आठ दिवस तिकडंच राहिला. परत आला तेव्हा भिकनची लावणी झालेली होती. ओळी बघून तो हसला. हसताना त्याला काठीची आठवण झाली होती की ती आज पहिल्यांदा होत होती, हे त्याला नक्की सांगता आलं नसतं. त्यानं स्वतःला तसं कधी विचारलंही नव्हतं.

"दहा वर्षं झाली त्याला," तो म्हणाला. "कुणाच्या ध्यानात राहतं?"

"माझ्या हाय," नवसाबाई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती स्वतःही जराशी दचकली होती. "तुम्ही करवत चालवली. दुसरं टोक मी धरलं व्हतं. धर नीट म्हणून वरडलाबी व्हता."

"मंग आजवर बोलली का नाय?"

"मला कुठं कुणी इचारलं? मला वाटलं, काठी कापली म्हंजे कापली. त्याच काठीनं बाग लावणार हायेत हे मला काय म्हाईत? सगळे म्हणत व्हते भिकनभाऊजींनी चुकवलं. मीबी म्हटलं, चुकवलं आसंल." सलग रानाचा विचार तिच्या मनातून अजून गेला नव्हता, पण त्याला आता तिरका काप पडला होता. "बाग मोडायची नाय," ती म्हणाली. "नाय मोडायची. मी टोक धरलं व्हतं."

विमलाबाई दोन्ही तुकडे एकमेकांना लावून तशीच उभी होती. हात खाली घेतले तर ते वेगळे होतील, म्हणून कदाचित.

"मी म्हणतो," मोतीराम घसा साफ करून म्हणाला, "ही काठी अजून फूटभर लांब कापली असती तर वहिनीचा हात भिजला नसता."

"मंग ओळी सातफुटी झाल्या असत्या," अंबूबाई म्हणाली.

चिमाजीला हसू येत होतं, पण हे घर त्याचं नव्हतं. "नाना, पंपाचं काय करू?" त्यानं विचारलं. "ल्हान लावू का? दोन हंगाम तर निघतील."

"दोन हंगाम निघून काय करायचं?" खंडेराव म्हणाला. हुकूम द्यायच्या जागी त्यानं प्रश्न केला होता. आयुष्यात असं त्याचं फार वेळा झालेलं नव्हतं.

"पिंप आडवं केलं तर?"

हे विमलाबाई म्हणाली. थोरल्या दिरासमोर ती सहसा बोलत नसे, म्हणून आवाज कोणाचा हे कळायला एक क्षण लागला.

"पिंप उभं हाय म्हणून खाली पंप मावत नाय ना?" ती चिमाजीकडे बघून बोलत होती. "उचलून वर घेतलं तर मांडवाला लागंल. आडवं केलं तर एक फूट कमी हुईल. तेवढंच वर उचला. पंप खाली जाईल. टायरच्या भाईर काय येणारच नाय."

चिमाजीनं टेप काढली. पिंपाची उंची मोजली, रुंदी मोजली, मांडवाच्या तारेची उंची मोजली. तोंडानं काहीतरी पुटपुटला.

"व्हई जाई," तो म्हणाला.

"आडव्या पिंपात ढवळायचं कसं?" खंडेरावनं विचारलं. सवयीनं विचारलं.

"वरच्या अंगाला झाकण कापू. आन् तसंबी ढवळायचं कामच नाय," मोतीराम म्हणाला. "पुस्तकात लिहिलंय. जादा पाणी नळीनं परत पिंपात येतं, तेच ढवळतं. पंप चालू हाय तोवर."

"तू आधी का नाय सांगितलं?"

"दादा, तुम्ही मोठा ठेवायचा म्हणालात आन् विषय संपला."

खंडेरावनं भावाकडे बघितलं, मग आईकडे. अंबूबाई बांधावरून उठायचा प्रयत्न करत होती. त्यानं तिला हात दिला.

"आडवं कर," तो चिमाजीला म्हणाला. "आधी मधल्या बागेत चालवून बघू."

शुक्रवारी दुपारी पंपात पाणी गेलं. अंबूबाईनं स्वतः तांब्यानं घातलं आणि पंपाला हळदीकुंकू लावलं. लहान पंप मोतीराम शनिवारी कोरडाच्या कोरडा परत देऊन आला.

मंगळवारी डोळे फुटले. बुधवारी सकाळी ट्रॅक्टर भिकनच्या बागेत शिरला. मोतीराम स्टिअरिंगवर मान खाली घालून बसला होता. दोन्ही बाजूंना वीत-वीत जागा राहत होती. मागं गडी नळ्या धरून चालत होते आणि निळं धुकं काड्यांवर बसत होतं. विमलाबाई सवयीनं पिंपामागं चालत होती. तिच्या हाताला काम नव्हतं, म्हणून तिनं काठी सोबत घेतली होती.

चौथ्या ओळीला रस्त्यावरून गावातला गोटीराम सायकलवर चालला होता. तो उतरला आणि कुंपणापाशी आला.

"आयला, आठफुट्याच्या बागेत ट्रॅक्टर?" तो ओरडला. "आन् बसतोय की!"

खंडेराव कुंपणाजवळच उभा होता. "काठी मी कापली व्हती," तो म्हणाला.

"काय?"

"काठी! मी कापली व्हती!"

"ऐकू येत नाय नाना! पंपाचा लय आवाज हाय!"

खंडेरावनं जरा विचार केला. ऐकू आलं नाही तर नाही, असं म्हणून जाता आलं असतं. गोटीराम सायकलवर बसलाही असता. खंडेरावनं वळून मोतीरामला हात दाखवला. ट्रॅक्टर बंद झाला. गडी थांबले. बागेत एकदम शांत झालं.

"भिकननं ओळी बरोबर लावल्या व्हत्या," खंडेराव म्हणाला. "काठी मी कापली व्हती."

"कोणती काठी?" गोटीरामनं विचारलं.

म्हणजे पहिल्यापासून सांगावं लागणार होतं. खंडेरावनं त्याला आत बोलावलं, बांधावर बसवलं, आणि बाप, करवत, सटाणा असं एकेक सांगायला लागला. गडी जवळ सरकले. सांगणं बराच वेळ चाललं, कारण गोटीराम मध्ये मध्ये प्रश्न विचारत होता.

पंप बंद होता, त्यामुळे पिंपात चुना खाली बसायला लागला होता. विमलाबाईनं झाकण उघडलं आणि काठी आत घातली. आडव्या पिंपाला दोन फुटी काठी बरोबर पुरत होती. ती ढवळत राहिली आणि ऐकत राहिली. हात कोरडाच होता.